दुःस्वप्नाचा अर्थ

वाईट स्वप्न पडून मध्यरात्री कधीच दचकून जागा झाला नाही, असा मनुष्य विरळाच. अंगाला घाम सुटलेला असतो, घशाला कोरड पडलेली असते, छाती धडधडत असते. शेजारी घरची माणसे शांत झोपलेली दिसतात. परंतु त्यामुळे हायसे वाटण्याऐवजी क्षणभर आपण या जगात अगदी एकटे आहोत असेच वाटू लागते. मग उठून तांब्यातले पाणी प्यावयाचे आणि पुन्हा आडवे व्हावयाचे. स्वप्न तेथे संपते. प्रश्न मात्र संपत नाही. हे मलाच का दिसले? यात काही सूचना तर नसेल? सकाळी हा प्रश्न चहाबरोबर घरच्यांपुढे येतो. कोणी पंचांग उघडतो, कोणी 'पाणी दिसले म्हणजे बरे नव्हे' असे म्हणून मान हलवितो, आणि घरावर एक मळभ पसरते. कित्येकदा ते त्या दिवसापुरते राहत नाही. ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, जमत आलेली सोयरीक मोडते, नुकत्याच घरात आलेल्या सुनेच्या पायगुणाविषयी कुजबूज सुरू होते. एका रात्रीच्या चार-दोन मिनिटांच्या भासाने माणसांच्या आयुष्यात एवढी उलथापालथ करावी, हे काही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. म्हणून दुःस्वप्नाचा अर्थ कोणता घ्यावा आणि कोणता घेऊ नये, याचा आज थोडा विचार करू.

असा विचार हवेत केला तर तो हवेतच राहतो. त्यासाठी एखादे गाव डोळ्यांसमोर असावे. मी निर्मल हे गाव निवडतो. परभणी, नांदेड, भोकर, भैंसा असा महामार्ग धरून पूर्वेकडे निघाले, की मराठी मुलूख कोठे संपला आणि तेलुगू मुलूख कोठे सुरू झाला हे नीटसे कळण्याच्या आतच निर्मल येते. निजामाच्या राज्यात आणि पुढे कितीतरी वर्षे ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. 1956 साली ते आंध्र प्रदेशात गेले, 2014 साली तेलंगणात आले, आणि 2016 च्या ऑक्टोबरात स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले. बाजारात तेलुगू चालते, उर्दू चालते, जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भैंसा-मुधोळकडच्या घरांतून मराठी बोलली जाते, आणि उत्तरेच्या डोंगरांतून गोंडी ऐकू येते. अशा गावात एकाच रात्री एकच भीती चार भाषांतून जागी होत असली पाहिजे.

तेलुगूत स्वप्नाला 'कल' म्हणतात आणि वाईट स्वप्नाला 'पीडकल'. शब्द मोठा प्रामाणिक आहे. पीडा देणारे ते पीडकल. ते खरे की खोटे, शुभ की अशुभ, याविषयी तो काही बोलत नाही, फक्त ज्याला ते पडले त्याला त्रास झाला एवढेच सांगतो. आपल्या 'दुःस्वप्न' या शब्दाला मात्र हळूहळू अपशकुनाचा वास लागला आहे. वास्तविक 'स्वप्न' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ नुसता 'झोपणे' एवढाच. संस्कृतात स्वप्न म्हणजे झोपही आणि झोपेत दिसते तेही.

आता झोपेत दिसते ते घडते कशाचे? निर्मलच्या खेळण्यांची कीर्ती आपण ऐकली असेल. तेथील कारागीर आसपासच्या जंगलातले पोनिकी नावाचे हलके, मऊ लाकूड घेतात. त्याचे तुकडे कोरतात, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्यांची खळ कालवून ते सांधतात, त्याच लगद्याने अंग भरून काढतात, वर पांढऱ्या मातीचा लेप देतात, आणि मग रंग चढवितात. रंग सुकला की समोर आंबा असतो, मोर असतो, नाही तर जबडा उघडलेला वाघ असतो. लहान मूल त्या वाघाला खरोखरीच भिते. परंतु त्याच्या पोटात पाहिले, तर लाकूड, भुसा आणि चिंचोके. स्वप्नाचा कारखाना याहून फारसा वेगळा नाही. दिवसा ऐकलेला एखादा शब्द, चार वर्षांपूर्वीचे एक अंगण, परवा दारात येऊन गेलेला सावकार, तापाची कणकण, उशाशी घोरणारा माणूस असा हा सारा किरकोळ माल. मन त्याला आपल्या भीतीच्या खळीने सांधते आणि वर भडक रंग देते. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपण सहज बोलून जातो. ती अक्षरशः खरी मानावयास हरकत नाही, मात्र मनात काय काय वसते हे आपणांस पुरते ठाऊक नसते.

या कारखान्याचे कामाचे तास मात्र विसाव्या शतकात उजेडात आले. 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन या दोन संशोधकांनी असे दाखवून दिले, की झोपेत ठराविक काळाने माणसाची बुबुळे मिटल्या पापण्यांआड वेगाने फिरू लागतात, आणि त्या वेळी त्याला उठविले तर बहुधा तो आपण स्वप्न पाहत होतो असे सांगतो. सुमारे दीड तासाने हा टप्पा येतो, रात्रीतून चार-पाच वेळा येतो, आणि रात्र सरत जाते तसतसा लांबत जातो. या काळात मेंदूतील भय, राग इत्यादी भावनांशी निगडित असलेला भाग मोठा जागा असतो; तारतम्य पाहणारा, 'हे कसे शक्य आहे?' असे विचारणारा भाग मात्र मंदावलेला असतो. त्याच वेळी हातापायांचे स्नायू शिथिल झालेले असतात, नाही तर प्रत्येक जण स्वप्नातली पळापळ अंथरुणातच करू लागला असता. कधी कधी जाग आधी येते आणि ही शिथिलता काही क्षण मागे रेंगाळते. डोळे उघडे, खोली ओळखीची, पण बोट हलत नाही, ओरडावे म्हटले तर आवाज फुटत नाही, आणि छातीवर कोणी बसले आहे असे वाटते. या अनुभवातून गावोगावी किती भुते जन्माला आली असतील याची गणती नाही. ती अवस्था भीतिदायक असली तरी बहुधा निरुपद्रवी असते आणि थोड्याच वेळात आपोआप सुटते.

'पहाटेचे स्वप्न खरे होते' या समजुतीचे एक मूळही येथेच सापडते. स्वप्नाचे सर्वांत लांब टप्पे पहाटेच येतात, त्या वेळी झोपही वारंवार चाळवते, आणि जाग आली तरच स्वप्न ध्यानात राहते. मध्यरात्रीची स्वप्ने बहुतेक विसरली जातात. जे आठवते तेच खरे ठरण्याची संधी मिळते.

आणि खरे ठरणे म्हणजे तरी काय? थोडा हिशेब करून पाहू. 2011 च्या जनगणनेच्या वेळी निर्मलची वस्ती सुमारे नव्वद हजार होती. असे धरू, की यातील प्रत्येकाला वर्षातून एकदा आपल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या मृत्यूचे स्वप्न पडते, आणि प्रत्येकावर दहा वर्षांतून एकदा तसा वियोग खरोखर ओढवतो. म्हणजे गावात वर्षाला नऊ हजार जण कोणा ना कोणा वडीलधाऱ्याला मुकतात. स्वप्न त्याच्या आदल्याच रात्री पडण्याचा संभव तीनशे पासष्टात एक. नऊ हजारांना तीनशे पासष्टांनी भागा. केवळ योगायोगाने, वर्षाला जवळजवळ पंचवीस माणसे शपथेवर सांगू शकतील, की 'मला आदल्या रात्री दिसले होते'. महिन्याला दोन! हे आकडे मी मानलेले आहेत, हे खरे. पण ते निम्म्याने घटविले तरी दर महिन्याला एक साक्षीदार उरतोच. त्याचे सांगणे खोटे नसते. मात्र ज्यांचे स्वप्न फुकट गेले, त्या हजारोंपैकी कोणीही ओट्यावर बसून ती हकीकत सांगत नाही. शिवाय घरात आजारी माणूस असला म्हणजे अशी स्वप्ने वाढतात, आणि आजारी माणसेच अधिक दगावतात, ही गोष्ट वेगळीच.

आपल्या पूर्वजांनी या विषयाकडे कसे पाहिले, हे पाहू गेल्यास दोन्ही प्रकारची मते आढळतात, आणि ती प्रांजळपणे मांडली पाहिजेत. ऋग्वेदात दुःस्वप्न दूर घालविण्याची सूक्ते आहेत. एके ठिकाणी तर वाईट स्वप्न त्रित आप्त्याकडे पाठवून देण्याची प्रार्थना आहे. आपल्या अंगणातला केर दुसऱ्याच्या अंगणात लोटण्याची ही युक्ती बरीच जुनी म्हणावयाची. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नाचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे आणि कल्पिलेल्याचे, असे पहिले पाच. सहावे भावी गोष्टीचे, आणि सातवे शरीरातील दोषांमुळे पडणारे. यातील पहिली पाच निष्फळ होत, म्हणजे त्यांवरून पुढचे काही ठरवू नये, असे चरकाने स्वच्छ सांगून टाकले आहे. त्याच अध्यायात, गाढवावर वा उंटावर बसून दक्षिणेकडे जाताना दिसणे हे राजयक्ष्म्याने होणाऱ्या मृत्यूचे चिन्ह म्हणूनही दिले आहे. रोग्याच्या उशाशी बसून पिढ्यान्‌पिढ्या जमविलेली ही टिपणे असावीत. आज कोणताही सुज्ञ वैद्य त्यांवरून निदान करणार नाही. तथापि सातांतील पाच स्वप्ने जो ग्रंथ बाजूला काढतो, त्याच्या नावावर सगळीच स्वप्ने खपविणे हा त्या ग्रंथावर अन्याय आहे. शिवाय वाईट स्वप्नानंतर त्याच झोपेत चांगले स्वप्न पडले, तर फळ चांगलेच समजावे, अशी सवलतही चरकाने दिली आहे. भ्यालेल्या रोग्याला पुन्हा झोपी घालण्याचा त्याचा तो मार्ग असावा, असे मला वाटते.

परंतु माझ्या मते या विषयावरचे सर्वांत मार्मिक विवेचन बृहदारण्यक उपनिषदात आहे. तेथे याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नावस्था समजावून सांगतो. त्या अवस्थेत रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. झोपलेला पुरुष ते स्वतःच निर्माण करतो. पुढे तो म्हणतो, की स्वप्नात कोणी आपणांस मारीत आहे, हत्ती पाठलाग करीत आहे, आपण खड्ड्यात पडत आहोत असे वाटते. परंतु जागेपणी जे भय पाहिलेले असते, तेच मनुष्य तेथे अज्ञानाने खरे मानतो. जागेपणीचे भय! दुःस्वप्न पुढचे सांगत नाही, मागचे सांगते. उद्या काय होणार याचे ते भाकीत नसते. आज आपण कशाला भीत आहो, याचा तो जबाब असतो.

हे तत्त्व पुस्तकी वाटू नये म्हणून पुन्हा निर्मलकडे येऊ. निर्मल जिल्ह्यात, पूर्वेच्या अंगाला, गोदावरीला मिळणाऱ्या कडेम नदीवर एक धरण आहे. 1958 सालच्या ऑगस्टमध्ये, ते नवे असतानाच, महापुराचे पाणी त्याच्या माथ्यावरून वाहिले आणि डाव्या बाजूच्या बांधाला मोठे भगदाड पडले. पुढे ते पुन्हा बांधले गेले. त्यानंतर 2022 च्या जुलैत, दुसऱ्या आठवड्यात, असा पाऊस झाला की सुमारे तीन लाख क्युसेक पाणी सोडू शकणाऱ्या त्या धरणात पाच लाख क्युसेकच्या घरात पाणी येऊ लागले. अठरा दारांपैकी एक दार उघडेना. खालच्या गावांतील माणसांना रात्रीतून उठवून उंचावर न्यावे लागले. पाणी धरणाच्या वरून वाहिले. पण या खेपेस धरण टिकले.

अशा रात्री घर सोडून पळालेल्या एखाद्या बाईला पुढे वर्षभर स्वप्नात गढूळ पाणी दिसले, त्या पाण्यात आपले मूल हातातून सुटले असे दिसले, तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? स्वप्नफलांची चोपडी घेऊन बसलेला गृहस्थ सांगेल, की गढूळ पाणी म्हणजे घरात आजारपण, आणि हातातून मूल सुटणे म्हणजे याहूनही वाईट काही. आधीच भ्यालेल्या आईवर तो आणखी एक भय लादतो. वास्तविक तिच्या स्वप्नात गूढ असे काहीच नाही. त्या रात्री पाणी होते, अंधार होता, मूल कडेवर होते, आणि ते सुटेल की काय ही भीती क्षणोक्षणी होती. धरण टिकले, मूल वाचले. पण भीतीला ते कोणी सांगितले नाही. ती अजून त्याच रात्री उभी आहे.

किल्लारीच्या भूकंपानंतर हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. 1993 च्या सप्टेंबरची 30 तारीख, पहाटेचे चार वाजण्याला चार मिनिटे कमी. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती, आणि झोपेतच सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. वाचलेल्यांना छप्पर नको झाले, रात्र नको झाली, झोपच नको झाली. ज्या झोपेने घात केला तिच्यावर विश्वास कसा ठेवावयाचा? अशा माणसाला 'स्वप्न ते, विसरून जा' म्हणणे हे स्वप्नफल सांगण्याइतकेच निर्दय आहे. मोठा आघात झालेल्या माणसाला तोच प्रसंग स्वप्नात पुनःपुन्हा दिसतो, हे पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या बाबतीत डॉक्टरांच्या प्रकर्षाने लक्षात आले. स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती, असा सिद्धांत मांडणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडलाही, आपला नियम या स्वप्नांना लागू पडत नाही, हे 1920 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कबूल करावे लागले.

मग उपाय काय? येथे मला एक गोष्ट फार नवलाची वाटते. अलीकडच्या काळात वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर मानसोपचारतज्ज्ञ एक साधी रीत सांगतात. दिवसा, पूर्ण जागेपणी, ते स्वप्न कागदावर उतरावयाचे. मग त्याचा शेवट, किंवा वाटेल तो भाग, आपल्याला हवा तसा बदलावयाचा. आणि तो बदललेला प्रसंग रोज दहा-वीस मिनिटे डोळे मिटून मनात घोळवावयाचा. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करावयाची नाही, थोड्या सौम्य स्वप्नापासून करावयाची. अमेरिकेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या 168 स्त्रियांवर बॅरी क्राकाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत अजमावली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ही रीत शिकलेल्यांची दुःस्वप्ने पुष्कळ कमी झाल्याचे आणि झोप सुधारल्याचे दिसून आले.

आता भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्ष आठवा. वाईट स्वप्न पडले की गजेंद्रमोक्षाचे स्मरण करावे, हा परिपाठ अनेक घरांत आहे, आणि हे आख्यान दुःस्वप्नांचा नाश करणारे आहे असे खुद्द भागवतातच म्हटले आहे. त्याचे कथानक पाहा. बलाढ्य हत्ती पाण्यात उतरतो. पाण्याखालून मगर त्याचा पाय धरते. तो ओढतो, ती ओढते. कळपातील हत्ती सोडवू पाहतात, त्यांना ते साधत नाही. वर्षानुवर्षे झुंज चालते, बळ ओसरत जाते, पाय सुटत नाही. हे हुबेहूब दुःस्वप्नच आहे! पाणी, अदृश्य शत्रू, न सुटणारा पाय, जवळ असून निरुपयोगी ठरलेले आप्त. नेमक्या ज्या ठिकाणी आपण दचकून जागे होतो, तेथे ही कथा थांबत नाही. गजेंद्र कमळ उंचावून हाक मारतो, हरी धावून येतो, हत्ती आणि मगर दोघांनाही पाण्याबाहेर काढतो आणि मगरीचा जबडा चक्राने फाडतो. आणि ती मगर तरी कोण? शापाने त्या योनीत गेलेला हूहू नावाचा गंधर्व. भय देणाऱ्याचे रूपही शेवटी पालटते. ज्या घरांत हे आख्यान अंथरुणावर बसून ऐकविले जात होते, तेथील आजीबाईंनी मानसोपचाराचे नाव ऐकले नव्हते; पण अर्धवट राहिलेल्या भीतीला शेवट लागतो, हे त्यांना ठाऊक होते. श्रद्धावानाने ते श्रद्धेने करावे. ज्याची श्रद्धा नाही त्याने कागद-पेन्सिल घ्यावी. कडेमकाठच्या त्या आईने स्वप्नातल्या पाण्यात आपली नाव आणावी, टेकडीवर दिवा लावावा, मूल खांद्यावर घट्ट बसवावे. स्वप्न तिचेच आहे, त्यात काय घालावयाचे हा अधिकारही तिचाच.

काही दुःस्वप्ने मात्र शरीराची असतात. चरकाच्या भाषेत सांगावयाचे तर ती दोषज. त्यांना कथा ऐकवून भागत नाही. तापात भयंकर स्वप्ने पडतात हे सर्वांना माहीत आहे. रक्तदाबावरची काही औषधे आणि मनाच्या विकारांवरची काही औषधे यांनीही ती पडू शकतात. ती परस्पर बंद करावयाची नाहीत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावयाची. रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, की पहिल्या काही रात्री भयंकर जातात. तेलंगणात कल्लू, म्हणजे आपली ताडी, खेड्यापाड्यांत प्यायली जाते, आणि तिच्यात झोपेच्या औषधांची भेसळ करण्याचा नीच उद्योग तेथे वारंवार उघडकीस आला आहे. अशी ताडी घेणाऱ्याला ती मिळेनाशी झाली, तर तो भ्रमिष्टासारखे वागू लागतो, त्याला भलतेसलते दिसू लागते. घरचे लोक त्याला मांत्रिकाकडे नेतात. नेले पाहिजे दवाखान्यात. मोठ्याने घोरणाऱ्या आणि श्वास अडून दचकून उठणाऱ्या माणसाने गुदमरण्याच्या स्वप्नांचा अर्थ शोधीत बसण्यापेक्षा आपला श्वास तपासून घ्यावा.

आणखी एक प्रकार विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पन्नाशी-साठी ओलांडलेला एखादा शांत स्वभावाचा गृहस्थ झोपेत हातपाय झाडू लागतो, ओरडतो, शेजारी झोपलेल्या पत्नीला तडाखा लगावतो, आणि उठविल्यावर सांगतो की स्वप्नात चोराशी मारामारी चालली होती. मघाशी सांगितलेली स्नायूंची शिथिलता येथे नाहीशी झालेली असते. ही खूण कधी कधी कंपवाताच्या कितीतरी वर्षे आधी दिसते. म्हणजे पुढचे सांगणारे एक दुःस्वप्न आहे तर! मात्र ते सांगते ते चोराच्या रूपावरून नव्हे, झाडलेल्या हातावरून. अशा वेळी पत्नीने लाजून गप्प राहू नये आणि घरच्यांनी शांत करण्याच्या भरीस पडू नये. मेंदूविकारांच्या तज्ज्ञाला दाखवावे. ज्यांना मनाच्या आघातामुळे आठवड्यातून अनेक रात्री अशाच जातात, त्यांच्यासाठी 14416 या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. तेथे अनेक भारतीय भाषांतून बोलता येते.

राहता राहिली लहान मुले. मुलांच्या रात्रीच्या भीतीचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांत गल्लत होते. पहिल्यात मूल झोपल्यावर तासा-दोन तासांत किंचाळत उठून बसते, डोळे उघडे असतात, पण आईला ओळखीत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. त्याला गदागदा हलवून जागे करू नये. जवळ बसावे, पडू देऊ नये, थोड्या वेळाने ते आपण होऊन झोपते. झोपलेल्या माणसाला एकदम जागे करू नये असे लोक म्हणतात, याची नोंद मघाच्या उपनिषदातही आहे! दुसरा प्रकार खऱ्या दुःस्वप्नाचा. तो उत्तररात्री येतो, मूल पूर्ण जागे होते, गळ्यात पडते आणि वाघ आला होता म्हणून सांगते. त्याला 'वाघबिघ काही नाही, झोप मुकाट्याने' असे म्हणू नये. वाघ होता, त्याने तो पाहिला आहे. वाघ केवढा होता, कोणत्या दारातून आला, हे विचारावे. आणि मग विचारावे, की त्या वाघाला आता कोठे बसवू या? निर्मलच्या वाघासारखा फळीवर बसवू या, की अंगणात बांधून ठेवू या? चार-पाच वर्षांचे मूल या कामात मोठमोठ्या तज्ज्ञांना हार जाणारे नसते. ते वाघाला दूध पाजते, त्याची शेपटी खुंटीला बांधते, कधी त्याच्यावर बसून शाळेतही जाऊन येते, आणि हे सारे सांगता सांगता त्याचे डोळे मिटू लागतात.